माडाक लागता ती साखर

डॉक्टरांनी माझी साखर बंद केली त्याच आठवड्यात आमच्या घरात नारळाची साखर आली. डॉक्टर "साखर बंद" एवढंच म्हणाले होते. कुठली, ते म्हणाले नव्हते. वकिलाच्या घरात जन्माला न येताही मला अशा फटी चटकन दिसतात.

पाकीट तपकिरी कागदाचं होतं. हल्ली जे जे प्रकृतीला चांगलं असतं ते तपकिरी कागदात येतं आणि पाव किलोच येतं. किंमत बघून बायको म्हणाली, "ही डब्यात भरायची की लॉकरमध्ये ठेवायची?"

शेजारच्या काकू बघायला आल्या. "खोबरं वाळवून दळतात ना? मग चहावर तवंग येत असेल."

मी त्यांना समजावलं, की या साखरेचा खोबऱ्याशी काही संबंध नाही. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलायच्या आत तिच्या टोकाला छेद देतात. त्यातून रस ठिबकतो. तो ताजा असतो तेव्हा नीरा. तोच आटवत आटवत नेला की ही साखर. खोबऱ्याची चव औषधालाही नसते, थोडी खमंग, जळक्या साखरेच्या अंगाने जाणारी असते.

"म्हणजे रस आटवून केलेली, तपकिरी, आणि जरा करपट?" काकू म्हणाल्या. "आमच्यात त्याला गूळ म्हणतात. चाळीस-पन्नास रुपयांत येतो."

खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका मात्र माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांनाही मधुमेह आहे, आणि तेही फटीच्या शोधात असतात. कुठलं खाणं रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतं हे मोजायचा एक निर्देशांक असतो. तो या साखरेचा फक्त ३५ आहे, असं फिलिपिन्सच्या सरकारी पोषण संस्थेने सांगितल्याचं त्यांनी कुठून तरी आणलं. आम्ही दोघांनी त्या आनंदात चहा घेतला, तीन-तीन चमचे घालून. काकांची मुलगी सिडनीला असते. तिने रात्री कळवलं, की तिथल्या विद्यापीठाने मोजला तेव्हा तो ५४ भरला.

"ती लहानपणापासून उलटंच बोलते," काका म्हणाले, आणि फिलिपिन्सवर कायम राहिले.

असा सगळा आनंद चालू असताना मामाचा फोन आला. मामा सिंधुदुर्गात शिरोड्याला राहतो. त्याच्या परड्यात माड आहेत आणि त्याच्याकडे प्रत्येक विषयावर मत आहे. मी किंमत सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मामाच्या बाबतीत हे अघटित होतं.

"इतके पैसे दिलंस?" तो शेवटी म्हणाला. "मेल्या, ती आमच्या माडाक लागता! ये आणि पोतां भरून ने."

मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं. १९३० साली तिथल्या मिठागरात लोकांनी मूठभर मिठासाठी सरकारचा कायदा मोडला. मी पोतंभर साखरेसाठी रात्रीची एसटी पकडली. सोबत रिकामं पोतंही नेलं होतं. त्याचा पुढे पाय पुसायला उपयोग झाला.

मामाचा बेत असा होता, की परड्यातला एक ठेंगणा माड साखरेसाठी राखून ठेवायचा आणि तो आपला आपण 'बांधायचा'. पण माडाला छेद देणं म्हणजे कायद्यालाच हात घालणं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून महाराष्ट्रात त्याला परवाना लागतो, मग तुम्ही तो रस गोड प्या की आंबवून प्या. मामा म्हणाला, त्यात काय, विचारून येऊ. आम्ही एका कचेरीत गेलो.

"काय काढणार?" टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं. "नीरा की माडी?"

"साखर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "साखर उसाची होते."

"माडाच्या रसाचीही होते."

"असेल. पण साखरेचं आमच्याकडे नाही. साखर म्हणजे पुणे. साखर आयुक्त तिथे बसतात."

"मी पुण्याहूनच आलोय."

"मग येताना विचारून नाही का यायचं?"

यावर मामाने मला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर त्याने गोव्याचं उदाहरण देऊन माझं सांत्वन केलं. तेरेखोलच्या पलीकडे २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि झाडाच्या व्याख्येतून माडच वगळला गेला. उभं झाड परड्यात दिसतंय, वरून नारळ पडताहेत, पण कागदोपत्री ते झाड नाही. मोठा गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी माड पुन्हा झाड झाला, आणि नुसतं झाड नव्हे, थेट राज्यवृक्ष. आधी बडतर्फी आणि मग एकदम सर्वोच्च पद, अशी कारकीर्द आपल्याकडे पुढाऱ्यांखेरीज फक्त माडाच्याच वाट्याला आली आहे.

शेवटी मामाने त्याचे माड ज्याला बांधायला दिले होते त्या माडीवाल्यालाच गाठायचं ठरवलं. त्याच्याकडे परवाना होता, कोयता होता, आणि आमच्यापैकी कुणाहीकडे नसलेली एक गोष्ट होती. ती म्हणजे कामाची माहिती.

"साखर?" तो मामाकडे बघून म्हणाला. "भाऊनू, नीरा व्हयी की माडी व्हयी ता सांगा. साखर दुकानात गावता."

त्याचं काम मी खाली उभा राहून पाहिलं आणि दोन-चार सूचनाही केल्या. माडावर चढलेल्या माणसाला जमिनीवरून सूचना करणं ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे. पण प्रकरण भलतंच नाजूक असतं. मिटलेली पोय दोरीने आवळून बांधायची. रोज लाकडी ठोकणीने तिला हलके ठोके द्यायचे. जोरात बसला तर ती जायबंदी होते, हळू बसला तर रस सुटत नाही. रोज थोडी थोडी वाकवत तिचं तोंड मडक्याकडे आणायचं. असे कित्येक दिवस गेल्यावर कुठे थेंब पडायला लागतो. मग सकाळ-संध्याकाळ वर चढून टोकाची पातळ चकती कापायची, नाहीतर छेद सुकतो आणि धार बंद. माडाला रविवार नाही, गणपती नाही, शिमगा नाही. एवढं करून एक माड दिवसाला लिटर-दोन लिटर रस देतो. आणि बांधलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत, हे मामीने पहिल्याच दिवशी हिशेबाला घेतलं.

"ह्या पोयीचे नारळ गेले ते कोण भरून देतलो?" तिने विचारलं. मामाने माझ्याकडे बघितलं.

नशिबाने माडीवाल्याच्या पोयी आधीच वाहत होत्या, त्यामुळे आम्हाला रसासाठी थांबावं लागलं नाही. खरी अडचण रसाच्या स्वभावात होती. हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. माडाच्या रसाला साखर व्हायचंच नसतं. त्याला दारू व्हायचं असतं. हवेतलं यीस्ट, मडक्यातलं यीस्ट, सगळे त्याच्या बाजूने असतात. थेंब मडक्यात पडल्या क्षणापासून तो त्या दिशेला निघतो. पहाटे नीरा, उन्हं वर आली की माडी, आणि त्यानंतर तसाच सोडून दिला तर व्हिनेगर. या सगळ्या प्रवासात माणसाला बोटही उचलावं लागत नाही. फक्त साखर करायची म्हटली की चूल, लाकडं, कढई, घाम आणि घरातली सगळी माणसं लागतात.

आणि या प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक टपलेलं. मडकी खाली आली की मामा ग्लास घेऊन हजर. "ताजी आसा काय बघूक नको?" ताजी आहे हे पहिल्या ग्लासात सिद्ध व्हायचं. तरी संशोधक वृत्तीने तो आणखी दोन प्यायचा. मग शेजारचे यायचे. साखर होणार म्हणून आम्ही गावभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे प्रयोग बघायला आलेल्या प्रत्येकाला कच्चा माल चाखवणं हा पाहुणचाराचा भाग झाला. पेडण्याहून आलेल्या मावशीने सान्नांचं पीठ आंबवायला एक तांब्या काढून घेतला. "साखर कित्याक?" ती म्हणाली. "गोड कर गो, माडाचें गोड. म्हापश्याच्या बाजारांत शुक्रारा वचून पळय." नाताळातल्या दोदोल या मिठाईला तोच काळाभोर गूळ लागतो, आणि तिच्या मते रस आटवायचाच असेल तर तिथे थांबावं. पुढे जाणं हा पुणेरी हावरटपणा. तिने जाताना व्हिनेगरसाठी एक बाटलीही भरून नेली. दुपारी मामाचे दोन मित्र आले आणि उरलेला रस "आता चढलीच आसा, फुकट कित्याक घालवा" असं म्हणून त्यांनी संपवला. सात-आठ लिटर रसातून एक किलो साखर निघते. आमच्या कढईपर्यंत जे पोचायचं त्यातून वाटीभर तरी झाली असती की नाही, शंका आहे.

मी शेवटी दारात उभा राहून मडकी ताब्यात घेऊ लागलो. मामा दुखावला. "आपल्याच माडाची नीरा आणि आपणच चोरून पियाची?" असं म्हणून तो चोरून पिऊ लागला.

इतक्यात दुसरंच संकट आलं. जो काही रस वाचला तो आटवला, तर त्याची साखर होईना. काकवी व्हायची, चिक्की व्हायची, पण रवा धरायचा नाही. मामाने दोष लाकडांना दिला, मामीने मला. कारण नंतर कळलं. ताज्या रसातली साखर बहुतेक सुक्रोज असते, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन भावांचं एकत्र कुटुंब. रस आंबू लागला की हे भाऊ वेगळे निघतात, आणि एकदा निघाले की चुलीवर कितीही जवळ बसवा, पुन्हा एका घरात नांदत नाहीत. पाकाचा रवा धरायचा तर सुक्रोज एकत्र राहायला हवं. म्हणजे लढाई चुलीवर नसून मडक्यात होती.

माडीवाल्याला हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं. "नीरा व्हयी तर मडक्याक आतून चुनो लावचो लागता," तो म्हणाला. "तुमी इचारलास खय?" चुन्याने रस लवकर आंबट होत नाही. पण चुना किती लावायचा यावर मामा आणि मामी यांच्यात एकमत होईना. एकदा मामाने स्वतःच्या पानाच्या अंदाजाने लावला. त्या दिवशीची नीरा प्यायला कुणीही मागे लागलं नाही.

चुन्याशिवाय दुसराही मार्ग आहे. कासारगोडला केंद्र सरकारची लागवडी पिकांची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रस वरच्यावर थंड ठेवणारी पेटी काढली आणि त्या रसाला 'कल्परस' असं नाव दिलं. उष्णतारोधक पेटीत बर्फ, आणि पोयीचं टोक त्यातल्या नळीत. रस बर्फात पडल्यावर यीस्टला झोप लागते. ही माहिती मी मामाला सांगण्याची चूक, नव्हे, कृपा केली. तो म्हणाला, थर्माकोलची पेटी तर आपल्याकडे आहेच. होती खरी. मासळी बाजारातून आणलेली. माडीवाल्याने ती नाक मुरडत वर नेली आणि सकाळी खाली आणली. रस थंडगार होता, गोड होता, जराही आंबला नव्हता, आणि त्याला बांगड्याचा वास होता. ती नीरा मांजराने प्यायली.

अखेर चुन्याचं प्रमाण माडीवाल्यावर सोडलं, मामाला सकाळी देवदर्शनाला पाठवलं, आणि एका पहाटे चांगला ताजा रस गाळून कढईत पडला. परड्यातच चूल मांडली होती. जळणाला सोडणं, करवंट्या आणि वाळलेली चुडतं. माड एवढा सोशिक, की स्वतःचा रस आटवायला जळणही तोच देतो.

आता घरातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला. आच वाढव. आच कमी कर. डावीकडून ढवळ. मध्येच रस एवढा फेसाळून वर आला, की मी उडी मारून मागे सरलो. मामीने किसलेलं खोबरं चिमूटभर टाकलं आणि फेस मुकाट खाली बसला. थेंबभर खोबरेल टाकलं तरी तो बसतो. तासा-तासाने येणारी शेजारीण "झाली काय?" विचारायची, आणि कढईत बघून "खय झाली!" असं स्वतःच उत्तर द्यायची. रंग दुधी होता तो पिवळट झाला, मग मधाळ, मग तपकिरी. बुडबुडे छोटे होते ते मोठे, आळशी झाले. इथून पुढे डोळा चुकवायचा नाही. तापमान एकशे पंधरा-वीस अंशांच्या आसपास गेलं की पाक तयार होतो, असं शास्त्र सांगतं. मामीकडे थर्मामीटर नव्हता, थंड पाण्याची वाटी होती. थेंब टाकायची आणि बोटांनी चाचपायची. "एकतारी." मग "दोनतारी." मग बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि एकदम ओरडली, "गोळीबंद! उतरव!"

उतरवल्यावर पाक ढवळत राहायचा, थंड होईपर्यंत. हा भाग सांगायला सोपा आहे. पाक घट्ट होतो, उलथनं अडकतं, हात भरून येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी थांबलात तर कढईभर गूळ होतो. मी थांबलो नाही, कारण मामी बघत होती. मामाही देवदर्शनाहून परत येऊन बघत होता. त्याच्या मिशीला फेस होता. देऊळ कुठलं, हे मी विचारलं नाही. आणि मग खरोखरच कढईत कोरडी सळसळ ऐकू आली. पाकाने रवा धरला होता. मामीने गाठी करवंटीच्या पाठीने रगडल्या, चाळणीतून चाळल्या, आणि सुपात तपकिरी, भुरभुरीत, खमंग वासाची साखर पसरली.

इंडोनेशियात, जावा बेटावरच्या बन्यूमास आणि कुलोन प्रोगो या भागांत, हे काम घराघरांत रोज चालतं. पुरुष सकाळ-संध्याकाळ माड चढतात, बायका धुरात बसून रस आटवतात, मडक्यात चुन्याबरोबर मँगोस्टीनची साल टाकतात आणि गाठी करवंटीनेच फोडतात. तिथे या रवाळ साखरेला मुंग्यांची साखर म्हणतात. शिरोड्याच्या मुंग्यांना हे कुणी सांगितलं कोण जाणे, पण साखर सुपात पडल्यापासून त्यांची रांग लागली. त्यांच्या मागोमाग गावाची.

कुणी हातावर घेऊन, कुणी भाकरीवर घालून, कुणी नुसतीच "बघूया" म्हणत चाखली. माडीवाल्याने चिमूटभर तोंडात टाकली, विचारपूर्वक चघळली आणि म्हणाला, "बरी आसा. पण नीरा बरी होती." मामाच्या मित्रांनीही हेच मत दिलं, फक्त नीरेच्या जागी माडी म्हणाले. शेवटी एक लहान डबी भरेल एवढी उरली. मी ती पुण्याला आणली आणि बायकोला सगळा वृत्तान्त सांगितला. चढणं, ठोकणं, वाकवणं, चुना, बर्फ, बांगडा, फेस, गोळीबंद. तिने ऐकून घेतलं, दुकानातलं ते तपकिरी पाकीट पुन्हा हातात घेतलं, किंमत वाचली आणि म्हणाली, "एवढ्यात कसं परवडतं रे त्यांना?"

डबी घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. फिलिपिन्सचा आकडा सांगितला, सिडनीचा सांगितला नाही. डॉक्टरांनी चिमूटभर चाखली, छान आहे म्हणाले, आणि कागदावर लिहून दिलं, की या साखरेत उष्मांक साध्या साखरेइतकेच असतात, तेव्हा हीसुद्धा बंद. आता फट कुठेच उरलेली नाही. खालच्या काकांनी मात्र डॉक्टर बदलला आहे.

तेव्हा नारळाची साखर महाग वाटली तर विकत घेऊ नका, पण घरी करायच्याही भानगडीत पडू नका. कोकणात परवानाधारक माणसाकडे ताजी नीरा मिळाली तर उन्हं चढायच्या आत प्या आणि त्याच्या हातावर दोन पैसे जास्त ठेवा. मधुमेह असेल तर तीही डॉक्टरांना विचारून.